गंगेचा गडू आणि लोहाची गोळी

ज्यांना बिस्किट खायचंय त्यांनी आत्ताच खाऊन घ्या बुवा. मी जी फजिती सांगणार आहे ती पोटात सुरू होते आणि तिथून खालीच जाते. हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या घरात अजून हसतात, मलाच तेवढं जमत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आता नाहीत. असते तर हा किस्सा त्यांनीच सांगितला असता आणि माझ्या चौपट रंगवून सांगितला असता. आता तो सांगायला मी उरलोय.

मी पोटापाण्यासाठी काय करतो ठाऊक आहे तुम्हाला? नाही ना? कुणालाच नसतं! मी इथल्या एका संशोधन संस्थेत जंतूंची जनुकं जुळवत बसतो. तुम्हाआम्हाला लोह लागतं, तसं जंतूलाही लागतं. ते बाहेरून आत ओढून घ्यायला त्याच्या अंगावर एक दार असतं. ते दार कसं बांधायचं, हे सांगणारं एक जनुक असतं. तेवढं एक जनुक मी शेकडो जंतूंमध्ये शोधतो. मातीतले जंतू, तळ्यातले जंतू आणि माणसाच्या आतड्यात शिरून त्याला आडवा करणारे जंतू. कुणाचं कुणाशी किती जुळतं, कुठे एखादं अक्षर बदललंय, हे बघायचं. झालं माझं काम. यावर माझा संसार चालतो, हे अजून माझ्या सासऱ्यांना खरं वाटत नाही.

पण अण्णांना केवढा अभिमान! त्यांची सगळी नोकरी बेंगळूरच्या सरकारी कारखान्यात, ओतशाळेत गेली. राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत कुणी नवा माणूस दिसला की त्याला थांबवून सांगायचे, "आमच्या घराण्याचा धंदाच लोखंडाचा बरं का! मी वितळवलं, हा जंतूंच्या पोटातलं शोधतो." समोरचा बिचारा "सरी सार, सरी सार" करत सटकायचा.

तर एके दिवशी आमच्या आत्याचा हुबळीहून व्हिडिओ कॉल आला. आत्या अण्णांची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही, पण जीव लावणारी.

"अण्णा, किती रे पांढराफटक पडलास! श्री, अरे लक्ष कुठंय तुझं? बापाच्या अंगात रक्त नाही आणि तू जंतू मोजत बसलायस!"

लागलं हो मला ते. लोहाचा एवढा मोठा तज्ज्ञ घरात असताना बापाचं रक्त कमी? तडक मेडिकलमध्ये गेलो आणि लोहाच्या गोळ्या घेऊन आलो. चांगल्या दणकट घेतल्या.

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?" नीलिमानं विचारलं. नीलिमा माझी बायको, नागपूरची. तिला प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून करायची सवय आहे.

"लोहाबद्दल?" मी म्हणालो. "लोहाबद्दल मी डॉक्टरांना विचारू?"

"घ्या बाप्पा," ती म्हणाली, "आता बोलायचंच संपलं!"

अण्णांचा गोळ्यांचा डबा होता, कप्प्याकप्प्यांचा. त्यात ब्लडप्रेशरची गोळी होती आणि कॅल्शियमची होती. तिसरा कप्पा मी उघडला. रोज सकाळी आंघोळ झाली की लिंबाच्या सरबताबरोबर लोहाची गोळी मी माझ्या हातानं द्यायचो. लिंबानं लोह चांगलं शोषलं जातं. बघा, तेवढं सगळं ठाऊक होतं मला!

आणि मग अण्णा जयनगरला गेले, जुन्या कारखान्यातल्या मित्रांच्या जेवणाला. तिथे काय खाल्लं देव जाणे, पण घरी आले ते पोट धरूनच. उलट्या, जुलाब, ताप. सकाळपर्यंत माणूस पिळून वाळत घातल्यासारखा झाला. घराजवळच्याच हॉस्पिटलात नेऊन ठेवलं. सलाईन लागलं.

डॉक्टर शैलजा म्हणून एक बाई होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "वय झालंय, त्यामुळे जपायला हवं. पाणी सुटतंय तेवढं आत गेलं पाहिजे, हेच खरं औषध. तोंडानं पाजत राहा. घरच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"ब्लडप्रेशर आणि कॅल्शियम," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, तिसरी? अहो, तिसरी माझ्या लेखी गोळी नव्हतीच! तो माझ्या पदरचा खुराक होता. खुराक काय डॉक्टरांना सांगायचा असतो? आणि बापाला एवढा अशक्तपणा आलेला असताना तो बंद करायचा असतो? मी डबा हॉस्पिटलात नेला आणि सकाळची ती गोळी तिथेही चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा भिंतीला धरून संडासातून बाहेर आले. चेहरा पडलेला.

"श्री," ते हळूच म्हणाले, "डांबर आहे रे."

मी आत जाऊन बघितलं. काळंकुट्ट. रस्त्यावर ओततात तसं.

मी मनात म्हटलं, संपलं. का, सांगतो. पोटात वरच्या बाजूला कुठे रक्तस्राव झाला की ते रक्त खाली येईपर्यंत काळं पडतं. हे मी वाचलेलं होतं. अर्धवट वाचलेला माणूस किती घातक, हे मात्र कुठे वाचलेलं नव्हतं. मी धावत जाऊन नर्सला सांगितलं. संध्याकाळी शैलजाबाई आल्या, पोट दाबून बघितलं, नाडी बघितली.

"रक्तस्रावाचं बाकी एकही लक्षण दिसत नाही मला. तरी तपासायला पाठवते. जंतूंचाही रिपोर्ट येईल. गाबरी आगबेडी." म्हणजे घाबरू नका.

घाबरू नका! म्हणायला काय जातंय! मला वाटलं, या बाईला जंतू काय चीज आहे ते माहीतच नाही. ते मला माहीत आहे! रिपोर्ट येईपर्यंत बाप जायचा माझा. आणि मी काय केलं? सांगायलाही लाज वाटते. त्या काळ्या ऐवजाचा नमुना एका छोट्या बाटलीत भरला, बाटली दोन पिशव्यांत बांधली, ती माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत उभी ठेवली आणि रिक्षा पकडून निघालो संस्थेकडे. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. पण विचारतो कोण? ट्रॅफिक तुंबलेला. मांडीवर पिशवी दोन्ही हातांनी सांभाळून धरलेली.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ऊटा, सार?" जेवण का, म्हणून विचारतोय!

"हौदु," मी म्हणालो. होय म्हणण्यावाचून दुसरं काय सांगणार?

प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवले, त्यांच्यातलं माझं ते लाडकं जनुक वेगळं काढलं, वाचायला टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकावर जगभरच्या जंतूंशी ताडून पाहिलं. यादी आली. पहिल्याच ओळीला शिगेला! रक्ती आव आणणारा, म्हाताऱ्या माणसाला सहज संपवणारा जंतू. जुळणी किती? शंभर टक्के. एका अक्षराचाही फरक नाही. खाली बघितलं, दुसरी ओळ शिगेला. तिसरी शिगेला. जिथवर माझी नजर गेली तिथवर शिगेलाच शिगेला.

मी खुर्चीत बसून रडलो. खरंच रडलो. वीस वर्षं ज्याचं दार मी न्याहाळत बसलो, तोच नेमका माझ्या बापाच्या पोटात शिरला होता.

हॉस्पिटलात परत आलो तर नीलिमा बाहेर बाकावर बसलेली. तिला सांगितलं. "काळं रक्त पडतंय आणि जंतू हा असा. वरून रक्त, खालून शिगेला. आता फार तर एक-दोन दिवस."

"डॉक्टर असं म्हणाल्या?"

"त्यांना काय कळतंय! मी स्वतः जुळवून पाहिलंय!"

तिनं आत्याला फोन केला, आत्यानं हंबरडा फोडला आणि तो फोनमधून बाहेर येऊन हॉस्पिटलच्या पॅसेजभर पसरला. दार अर्धं उघडंच होतं.

आतून अण्णांची हाक आली. "श्री, इकडे ये. काय ते खरं सांग."

मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी मोबाइलवर ती यादीच दाखवली. अण्णांनी चष्मा लावला. एकेक ओळ बोट फिरवून वाचली, कारखान्यात नकाशे वाचायचे तशी.

"सगळीकडे हाच?"

"हाच, अण्णा."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

त्यांनी चष्मा काढला, घडी घालून उशीखाली ठेवला. "साकु मग," म्हणाले. पुरे मग. आणि माझा हात धरला. "वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या कारखान्यातल्या बापूरावांच्या वडलांना शेवटपर्यंत कळलं नाही कशानं गेलो ते. मला माझ्या मुलानं शोधून दिलं. तुझ्या एवढ्या अभ्यासाचं चीज झालं की रे!"

ऐकताय ना तुम्ही? अभिमान वाटत होता त्यांना! नर्स सलाईन बघायला आली तर तिलाही सांगितलं. "माय सन फाउंड इट. युअर रिपोर्ट इज स्टिल कमिंग."

आणि त्यानंतर त्यांनी पाणी पिणं बंद केलं.

नीलिमा ग्लास घेऊन उभी राहिली, अण्णा मान फिरवायचे. "कशाला मुली? जायचंय तर हलकं जावं." सुईही काढा म्हणाले. हातानं ओढायलाच लागले, तेव्हा नर्सनं दंड धरून ठेवला. मी पाजायला गेलो की माझ्याकडे बघून हसायचे. तोंड उघडायचे नाहीत. मुलगा शंभर टक्के म्हणतोय म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. पदरात गुंडाळून काय आणलं होतं, तर गंगेचा गडू! माझ्या आजीनं काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला तांब्याचा छोटा गडू. आमच्या घराण्यात तेवढा एकच. आजी गेली तेव्हा तो वेळेवर सापडला नव्हता, म्हणून आत्यानं इतकी वर्षं देवघरात डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता, "अण्णासाठी" म्हणून. तुळशीची पानंही आणली होती, ओल्या रुमालात.

"श्री, हा उघड," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्यानं व्हायचं नाही."

आता मी जंतूंचा माणूस! बाहेरचं पाणीपुरीचं पाणीसुद्धा मी नीलिमाला पिऊ देत नाही. माझ्या जन्माआधी बंद केलेलं पाणी, ते जुलाबाच्या पेशंटला? एरवी मी गडूला हात लावू दिला नसता. पण माझ्या डोक्यात आता सगळं संपलेलंच होतं. मी चमच्याच्या दांड्यानं झाळ फोडली. आत्यानं तुळशीपत्र अण्णांच्या ओठांवर ठेवलं. काल दुपारपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माझ्या बापानं गंगेसाठी मात्र तोंड उघडलं. मी एक चमचा घातला. दुसरा घातला. हात एवढा थरथरत होता की तिसऱ्याच्या वेळी गडू कलंडला आणि उरलेली गंगा चादरीवर सांडली.

"येनिदु?" हे काय, म्हणून दारातून आवाज आला.

शैलजाबाई! हातात रिपोर्ट. त्यांनी आत्याकडे बघितलं, तुळशीकडे बघितलं, माझ्या हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"हे काय पाजताय?"

आत्यानं कानडीत सांगितलं. बाईंचा चेहरा असा काही झाला की आत्या माझ्या मागे सरकली.

"यांच्या पोटात शिगेला आहे, डॉक्टर," मी म्हणालो. "मी जनुक जुळवून पाहिलंय. शंभर टक्के."

"आमच्या तपासणीत शिगेला नाही. कुठलाच वाईट जंतू नाही. कुठलं जनुक?"

मी सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली. "ते तर साध्या ई. कोलाय जंतूमध्येही असतं ना? तुमच्या माझ्या, सगळ्यांच्याच आतड्यात राहतो तो."

आणि मला, हो, उभ्या उभ्या घाम फुटला. कारण शिगेला आणि तो आपला रोजचा निरुपद्रवी कोलाय, दोघं सख्ख्या भावांसारखे. ते लोहाचं दार कित्येकदा अगदी अक्षर न् अक्षर सारखंच. आणि यादीत वर खुनी जंतूच का येतात? तर जगभर माणसं खुन्यांचीच जनुकं हजारोंनी वाचून ठेवतात. गरीब कोलाय खाली कुठेतरी होता. मी खालपर्यंत गेलोच नव्हतो! हे, बरं का, मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवतो. यादीतल्या पहिल्या ओळीवर विश्वास ठेवू नका म्हणून बजावतो.

"पण ते काळं रक्त?" मी शेवटचा हट्ट धरला.

"त्यात रक्त नाही. तपासलंय. आणि शिगेलाचं रक्त लालच दिसलं असतं." त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "तुम्ही यांना अजून काही देत होता का? लोहाची गोळी वगैरे? त्यानं काळंच होतं."

नीलिमानं माझ्याकडे बघितलं. आत्यानं बघितलं. अण्णांनी डोळे उघडले, उशीखालून चष्मा काढला, लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"देत होतो," मी म्हणालो.

"कधीपर्यंत?"

"काल सकाळीसुद्धा दिली."

"एवढ्या तापात?" बाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "शरीर अशा वेळी लोह लपवून ठेवतं, जंतूंच्या हाती लागू नये म्हणून. पोट आधीच बिघडलेलं, त्यात ही गोळी! कुणी सांगितली होती?"

शरीर लोह लपवून ठेवतं. अहो, हे वाक्य माझं आहे! राजाजीनगरात मराठी मंडळींसमोर मी यावर तासभर भाषण दिलं होतं, आणि पहिल्या रांगेत कोण बसलं होतं? अण्णाच!

"आणि आज यांची लघवी जवळजवळ बंद झालीय," बाई म्हणाल्या. "पाणी का पाजलं नाहीत? नुसत्या सलाईननं भागत नाही! किडनी जाईल ना अशानं! आजारानं मरण्यासारखं यांना काही झालेलं नाही. पण तुम्ही मरण जवळ आणलं होतं."

मी अण्णांचे पाय धरले आणि रडायला लागलो. "अण्णा, पाणी प्या हो. माझं चुकलं. सगळं चुकलं. तुम्ही मरत नाही आहात."

अण्णांनी चष्मा सारखा केला.

"नक्की?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, शैलजाबाईंकडे बघून.

"नक्की," बाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी ग्लास घेतला. दोन दिवस मूत्रपिंडाची धाकधूक होती. मी खुर्चीतून हललो नाही. मग हळूहळू सगळं सुरळीत झालं आणि अण्णा घरी आले. येताना रिक्षात म्हणाले, "श्री, ओतशाळेत एवढी वर्षं काढली, पण लोखंड कधी पोटात गेलं नव्हतं. ते तू घातलंस बघ!"

पुढे वर्षभर काय चैन होती सगळ्यांची! आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय श्री, आज रंग कोणता?" मी साधी सर्दी झाली म्हटलं तरी, "शंभर टक्के का रे?" अण्णा तर येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं साभिनय करून दाखवायचे. तुळशीपत्र कसं ठेवलं, चमचा कसा थरथरत होता, बाई दारात कशा उभ्या राहिल्या. शेवटी चष्मा घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "साकु मग!" लोक हसून लोळायचे. मीही हसायचो, त्यांच्याकडे बघत.

आणि मग एका दुपारी जेवून ते आरामखुर्चीत बसले आणि बसलेच राहिले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हृदय थांबलं होतं. जंतूंचा काही संबंध नव्हता.

कुंडीतली तुळस होती. गंगा कुठली असणार? ती मी हॉस्पिटलच्या चादरीला पाजली होती. घरात कावेरीचंच पाणी, नळाचं, उकळून गार केलेलं. तेच चमच्यानं त्यांच्या ओठांना लावलं. या वेळी हात अजिबात हलला नाही.

मग आत्याला फोन केला.

"आत्या, अण्णा गेले."

पलीकडून ती हसली. अगदी खळखळून हसली हो.

"परत? अरे, आधी त्याची ती लोहाची गोळी बंद कर! ठेव आता, गॅसवर दूध आहे माझं."

नीलिमानं माझ्या हातातून फोन घेतला. ती दोनच शब्द बोलली असेल. तिचं मात्र आत्याला लगेच खरं वाटलं.

आणि मी काय करत होतो, विचारा. मी उठून आत गेलो होतो आणि अण्णांचा गोळ्यांचा डबा उघडून बघत होतो. ब्लडप्रेशरची होती, कॅल्शियमची होती. तिसरा कप्पा बोटानं चाचपून पाहिला. लोहाची एकही नव्हती.